भुईचाफ्याचा कोपरा

माघातलं ऊन विरळ असतं, पाणी घातलेल्या ताकासारखं. ते कौलांवरून ओघळतं, अंगणात सांडतं, भिंतींशी रेंगाळतं, पण कशालाच ऊब देत नाही. अशा त्या निस्तेज, निरिच्छ, धूसर-धवल उन्हात झाडं मुकाट्याने पानं सोडत होती. पांगारा सोडत होता, कडुनिंब सोडत होता, सावर केव्हाच उघडी होऊन उभी होती.

कऱ्हाडच्या कडेला, नदीपासून हाकेच्या अंतरावर, साखर कारखान्यातल्या माणसांनी बांधलेली एक वसाहत आहे. तिथे हिंदुराव पिसाळांचं घर. घरामागे परस. परसात अळू, गवती चहा, कर्दळ, कढीलिंब, मोगऱ्याची दोन आळी. आणि आग्नेयेच्या कोपऱ्यात एक उघडी, उदास, शिशिरजर्जर भुई. तिच्यावर पान नव्हतं. तिच्यावर देठ नव्हता. तिच्यावर साधं गवतही नव्हतं.

पण ती भुई ओसाड नव्हती. तिच्या पोटात भुईचाफा निजला होता.

भुईचाफ्याची रीतच उफराटी. इतर झाडं आधी पालवतात, मग फुलतात. हा कार्तिकात पानं टाकतो आणि मग मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन मातीखाली मेल्यासारखा पडून राहतो. त्या दिवसांत त्याला थेंबभर पाणीही चालत नाही. पाणी घातलं की कंद कुजतो. मग चैत्र तापतो, भुई भेगाळते, आणि ना पान ना फांदी, त्या भेगेतून एकदम फूलच वर येतं. शुभ्र पाकळ्यांचं, जांभळ्या ओठाचं, शीतल-सुगंधी. पहाटे उमलतं. ऊन चढलं की मऊ पडतं. दुपारपर्यंत त्याची ओली चिंधी झालेली असते.

हा चाफा अनुसयाचा होता, हिंदुरावांच्या बायकोचा. परसातलं बाकी सगळं घराचं होतं. अळू घराचं, कढीलिंब घराचा, मोगरा देवाचा. एवढा कोपरा तेवढा तिचा होता.

तिचं माहेर वेळशेत. डोंगराच्या कुशीतलं, ओढ्याच्या काठचं, जांभळीच्या गर्द सावलीतलं वेळशेत. आता ते जलमग्न आहे. धरण झालं, गाव उठलं, माणसं ट्रकात बसून उघड्या माळावर राहायला गेली. अनुसयाच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ती शेवटची माहेरी गेली तेव्हा घराची कौलं उतरवलेली होती, दारं काढून नेलेली होती, आणि माजघरात सरळ आभाळ आलं होतं. आईने परसातून भुईचाफ्याचे चार गड्डे उकरले आणि मातीसकट लेकीच्या ओटीत घातले. नारळ नव्हता, खण नव्हता. "एवढंच निघालं बघ," आई म्हणाली.

त्या पावसाळ्यात पाणी चढलं. ओढा बुडाला, जांभळी बुडाल्या, माजघर बुडालं. आई माळावरच्या पत्र्याच्या घरात फार दिवस टिकली नाही.

सासरी परतलेली अनुसया रडत बसली तेव्हा सासूने एकदाच सांगितलं, "बुडालं ते बुडालं. आमच्या दारात त्याचं सुतक पाळायचं न्हाई." अनुसयाने डोळे पुसले, परसात गेली, आणि कोपऱ्यात चार गड्डे लावले, वेळशेतच्या मातीसकट लावले. त्यानंतर माहेराबद्दल तिने त्या घरात चकार शब्द काढला नाही. नवऱ्याजवळही नाही. पुढे सासू गेली, तरीही नाही. गप्प राहणं तिच्या अंगवळणी पडलं होतं.

चैत्र लागला की मात्र ती सगळ्यांच्या आधी उठायची. परसाचं दार आवाज न करता उघडायची आणि त्या कोपऱ्याशी जाऊन बसायची. वेळशेत वर आलेलं असायचं. कधी एक फूल, कधी दोन, कधी कोपराभर फुलं. ती तोडायची नाही, माळायची नाही, देवालाही वाहायची नाही. नुसती बसायची. गंध ओढून घ्यायची, ऊर भरून, पोट भरून. मग दूधवाल्याची हाळी ऐकू आली की उठून चहाला आधण ठेवायची.

तशी ती हात आखडणारी बाई नव्हती. अळूची पानं साऱ्या आळीला जायची. कर्दळीचे कंद, मोगऱ्याच्या फांद्या, गवती चहाच्या जुड्या, मागेल त्याला मिळायच्या. भुईचाफा मात्र नाही. शेजारच्या मालनने एकदा तिला पहाटे तिथे बसलेलं पाहिलं, आणि त्या एका बेसावध क्षणी अनुसयाने तिला वेळशेतची सगळी कथा सांगून टाकली. तेव्हापासून मालन दर साली मागायची, "आक्का, एक गड्डा द्या की वो. एकच." अनुसया म्हणायची, "देते की, पाऊस पडू दे." पाऊस पडायचा, आणि अनुसया विसरल्याचं सोंग करायची.

पोटच्या लेकीला, सुवर्णालाही तिने कधी गड्डा दिला नाही. सगळं बुडून जे उरलं ते आणखी वाटायचं कशाला, असं तिला वाटायचं. हा एक कंजूषपणा तिने आयुष्यभर जपला आणि त्याची तिला कधी लाजही वाटली नाही.

हिंदुरावांना यातलं काही ठाऊक नव्हतं. चैत्र म्हणजे कारखान्यात गळीत हंगामाची शेवटची घाई. ते स्टोअरकीपर, अंधारात जायचे, दिवेलागणीला यायचे. त्यांच्या नजरेला भुईचाफा पडला असेल तर सुकलेली चिंधी म्हणूनच. माणूस मात्र चांगला. व्यसन नाही, अंगावर हात टाकणं नाही, पगार जसाच्या तसा घरात. त्यांच्याबद्दल कुणी वावगं बोललेलं मी ऐकलेलं नाही. चांगल्या माणसांचा मला कधीकधी फार राग येतो.

मग ते निवृत्त झाले, आणि इतकी वर्षं न पाहिलेल्या घरावर त्यांची एकाएकी माया बसली. त्यांनी ड्रिल मशीन आणलं. भिंतीभिंतीला भोकं पडली, भोकाभोकात खुंट्या बसल्या. फाटकाला चंदेरी रंग, खिडक्यांना जाळ्या, न्हाणीत शॉवर, स्वयंपाकघरात चकचकीत मांडणी. ती इतकी उंच की वरच्या डब्यापर्यंत अनुसयाचा हात पोचत नसे. ती स्टुलावर चढायची आणि वर "छान झालंय" म्हणायची. जन्मभर स्टोअर सांभाळलेला माणूस तो. प्रत्येक वस्तूला जागा हवी, प्रत्येक जागेला वस्तू हवी. मोकळं काही त्यांना बघवत नसे.

पौष सरताना सुवर्णाचे दिवस भरत आले. तिची नोकरी पुण्याची, डॉक्टर पुण्याचे. म्हणून बाळंतपणाला लेक माहेरी आली नाही, आईच लेकीकडे निघाली. डिंकाचे लाडू, आळीव, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी पिशवीत भरून अनुसया दारात उभी राहिली. "मोगऱ्याला दिवसाआड पाणी घाला," ती म्हणाली. "अळवाला रोज. आणि त्या कोपऱ्यात काही करू नका. पाणीसुद्धा घालू नका तिथं."

"बरं," हिंदुराव म्हणाले. का, असं त्यांनी विचारलं नाही. कशासाठी, ते तिने सांगितलं नाही. एस.टी.ची वेळ झाली होती.

ती गेली, आणि रिकाम्या घरात हिंदुरावांच्या मनात एक मोठी, मंगल, मायाळू कल्पना आली. परस बांधून काढायचं. पावसाळ्यात तिथे चिखल होतो, अनुसया घसरते, तिचे गुडघे धरतात. तिथे शहाबादी फरशी घालायची, स्वच्छ, सरळ, सपाट. अळवाच्या चिखलाला फाटा द्यायचा. मोगऱ्याला, कढीलिंबाला चौकोनी आळी ठेवायची. आणि आग्नेयेच्या कोपऱ्यात लोखंडी झोपाळा ठेवायचा, दुपारी तिला बसायला. त्या कोपऱ्यात तर पाणीसुद्धा घालायचं नाही म्हणाली, म्हणजे तिथं काहीच नाही, असा त्यांनी हिशोब केला. त्यांना हिशोब नेहमी बरोबर येत असे.

मारुती मिस्त्री आला. कुदळी आल्या, घमेली आली, ट्रॅक्टर परसाच्या दाराशी उभा राहिला. मुरूम आणि खडी भरायची म्हणून आधी हातभर माती काढायची होती. अळू उपटलं, कर्दळ उपटली, गवती चहा मुळासकट निघाला आणि साऱ्या वसाहतीत त्याचा हिरवा, ओला वास पसरला. मग कुदळ कोपऱ्यात पडली.

माती भुसभुशीत होती. तिच्यातून कंद निघाले, आल्यासारखे, एकमेकांना बिलगलेले, चाराचे कितीतरी झालेले. प्रत्येकाच्या माथ्यावर फिकट गुलाबी टोक आलं होतं. मातीखालच्या त्या काळोखात त्यांना चैत्राची चाहूल लागली होती.

"हे काय वो, दादा?" मिस्त्रीने विचारलं.

हिंदुरावांनी एक कंद हातात घेतला. नखाने खरवडला. वास घेतला. "वास बरा हाय," ते म्हणाले. "असंल कसलं तरी गवत. टाका."

मिस्त्रीने घमेलं उचललं. चार गड्डे, त्यांची लेकरं, लेकरांची लेकरं, आणि त्यांना अजून धरून राहिलेली वेळशेतची काळी माती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पडली. संध्याकाळी ट्रॅक्टर निघून गेला.

पुण्यात, पाचव्या मजल्यावर, अनुसया तान्ह्या नातीला तेल लावत होती. फोनवर ती विचारायची, "परस कसंय?" हिंदुराव हसू दाबत म्हणायचे, "झकास." ती विचारायची, "कोपऱ्यात पाणी न्हाई ना घातलं?" ते म्हणायचे, "थेंबसुद्धा न्हाई." तेही खरंच होतं.

फाल्गुन सरला. पाडव्याची गुढी सुवर्णाच्या गॅलरीत उभी राहिली आणि अनुसयाचं मन उडालं. खाली डांबर तापत होतं, वर टाक्या तापत होत्या, आणि तिला पहाटे पहाटे नाकाशी एक वास यायचा, जो त्या घरात कुठेच नव्हता. "आई, अजून थोडं राहा ना," सुवर्णा म्हणाली. "तुझ्या बाबांच्या जेवणाचे हाल होतात," अनुसया खोटं बोलली. एवढ्या मोठ्या खोट्यासाठी तिने नातीच्या गालाचा मुका घेतला आणि पिशवी भरली.

ती घरी पोचली तेव्हा ऊन कलत होतं. हिंदुरावांनी नवा सदरा घातला होता. मालन, आळीतल्या आणखी दोघी-तिघी, मारुती मिस्त्री, सगळ्यांना त्यांनी मुद्दाम बोलावून ठेवलं होतं. त्यांनी अनुसयाच्या हातातली पिशवी काढून घेतली, तिला पाणीही पिऊ दिलं नाही. "ये," म्हणाले, "चल मागं," आणि परसाचं दार उघडलं.

करडी, कोरी, काटकोनी फरशी. भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशी. सांध्यासांध्यात सिमेंट, दोरीत आखल्यागत सरळ. चैत्राचं ऊन तिच्यावर पडत होतं आणि तसंच डोळ्यांत उलटून येत होतं. कोपऱ्यात झोपाळा होता, लाल रंगाचा, प्लॅस्टिकचं आवरणही न काढलेला.

"नशीब काढलंत बगा, वैनी," एकजण म्हणाली. "बसा की," दुसरी म्हणाली. अनुसयाला कुणीतरी खांद्याला धरून झोपाळ्यावर बसवलं. ती बसली. तिची पावलं जमिनीला टेकत नव्हती. हिंदुरावांनी मागून हलकेच झोका दिला, आणि बायका हसल्या.

मालन तेवढी हसली नाही. ती कोपऱ्याकडे बघत होती, मग अनुसयाच्या तोंडाकडे. "आक्का," ती म्हणाली, "आणि तुमचा भुईचाफा?"

"कसला चाफा?" हिंदुरावांनी विचारलं.

"अवो दाजी, हितंच तर हुता. वेळशेतचा गड्डा तो. त्यांच्या आईनं ओटीत घातलेला. धरणाच्या आधी."

झोपाळा अजून हलत होता. हिंदुरावांनी तो हाताने थांबवला. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं कौतुक एकदम विझलं, आणि जन्मात पहिल्यांदा ते बायकोला काहीतरी विचारायला शब्द शोधू लागले. "अगं, मग सांगायचं न्हाईस व्हय मला?"

"सांगितलं हुतं," अनुसया म्हणाली. "काही करू नका म्हणून सांगितलं हुतं."

"पर मोकळीच हुती की गं ती जागा! तिथं दिसायला तरी काय हुतं?"

ती झोपाळ्यावरून उतरली आणि आत जाऊन तिने सगळ्यांसाठी चहा टाकला. माणसं आली होती, चहा तर द्यायलाच हवा होता. कप देताना मालनचा हात तिच्या हाताला लागला. "मला एक दिला असता, आक्का," मालन पुटपुटली, "तर आज त्यातला तुमाला दिला असता." तिने टोचायला म्हणून म्हटलं नाही. पण अनुसयाला त्या दिवशीचं बाकी सगळं सोसलं, हे सोसलं नाही. ती मोरीत गेली आणि नळ सोडून रडली.

दुसऱ्या दिवशी हिंदुरावांनी पहार घेतली. झोपाळा सरकवला आणि कोपऱ्यातली एक फरशी उचकटून काढली. खाली सिमेंट होतं, सिमेंटखाली खडी, खडीखाली लाल, परका मुरूम. ते घामाघूम होऊन हातांनी उकरत राहिले. नखं फुटली. मुरमाखाली मुरूमच होता. मग ते मारुतीकडे गेले. "ती माती व्हय?" मारुती म्हणाला. "ती मंगल कार्यालयाच्या पार्किंगला गेली, दादा. वर रोलर फिरला, डांबर पडलं. कवाच."

त्यांनी त्या चौकोनात नदीकाठची गाळाची माती आणून भरली. मग नर्सरीतून रोज एक रोप येऊ लागलं. गुलाब आला, जास्वंद आली, निशिगंध आला. ते रोप फरशीवर ठेवायचे आणि शाळकरी पोरासारखे तिच्या तोंडाकडे बघायचे. अनुसया म्हणायची, "छान आहे." रोप तिथेच राहायचं, उन्हात, फरशीवर, आणि सुकायचं.

शेवटी एकदा ते काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भुईचाफा घेऊन आले. त्याला फूल होतं. शुभ्र पाकळ्या, जांभळा ओठ, तोच शीतल गंध. "नर्सरीवाला म्हणाला, ह्योच," ते धापा टाकत म्हणाले. "बघ. ह्योच ना गं?"

ह्योच होता. पाकळ्या त्याच, ओठ तोच, गंध तोच. आणि तिला कळलं की या माणसावर आपल्याला ओरडता येणार नाही, रुसता येणार नाही, माहेरी निघून जाते असंही म्हणता येणार नाही. सगळी वसाहत त्याच्या बाजूने होती. तो स्वतः इतका केविलवाणा झाला होता की त्याचीच समजूत घालायची वेळ आली होती. तिचा राग तिच्याच अंगात फिरत राहिला, त्याला बाहेर पडायला वाट नव्हती.

तिने पिशवी उचलली, कुंपणाशी गेली आणि मालनला हाक मारली. "घे. तुला हवा हुता न्हवं?" मालनने दोन्ही हातांनी पिशवी घेतली. इतकी वर्षं जो हात आखडला होता तो इतक्या सहज सुटला की मालन पिशवी तशीच धरून कुंपणाशी उभी राहिली.

मग अनुसयाने मारुती मिस्त्रीला स्वतः निरोप धाडला. तो आला. "हा खड्डा बुजवा," ती म्हणाली. "पाय अडकतो." हिंदुराव दारात उभे होते. "अगं, माती चांगली आणलीय मी, काहीतरी लाव की," ते म्हणाले. ती खड्ड्याशीच उभी राहिली. मारुतीने एकदा दादांकडे पाहिलं, एकदा वैनींकडे, आणि गाळ उपसायला घेतला.

खडी पडली, वाळू पडली, सिमेंट कालवलं गेलं. थापी फिरली, पुन्हा फिरली, आणि चौकोन गुळगुळीत झाला. मारुतीने त्यावर ओलं गोणपाट टाकलं. "वैनी, सकाळ-संध्याकाळ पाणी मारा," तो जाताना म्हणाला. "चांगलं भिजत ठेवा. पाणी कमी पडलं तर तडं जातील."

आणि अनुसयाने पाणी घातलं. वैशाखाच्या पहाटे, आभाळ फटफटताना, झारी भरून घातलं. संध्याकाळी, भिंतींची धग उतरताना, पुन्हा घातलं. हिंदुराव म्हणाले, "मी घालतो," तर तिने झारी सोडली नाही. अळवाला जसं घातलं, मोगऱ्याला जसं घातलं, तसंच सावकाश, कडेकडेने, कुठे कोरडं राहू न देता घातलं. गोणपाट पाणी प्यायचं. सिमेंट पाणी प्यायचं. प्यायचं आणि घट्ट व्हायचं, प्यायचं आणि आणखी घट्ट व्हायचं.

एके सकाळी तिने गोणपाट उचललं आणि तळहात टेकवून पाहिला. खाली गार, सलग, करडा दगड होता, आणि त्याला एकही तडा गेला नव्हता.